एका मंडळाला एकच खुर्ची

मासळी विकणाऱ्या बाईच्या अंगाला खवलं चिकटतात. घरी जाऊन दोन बादल्या पाणी ओतून घ्यावं, साबणाने घासून काढावं, तरी जेवायला बसल्यावर बघावं तर एक कोपराला चिकटून चमकतंच आहे! आमच्या बुधवार मंडळाचे किस्से तसेच. मी गोळा करायला गेले नाही, चिकटले. आता वय बहात्तर, धंदा सुनेकडे दिला, पण खवलं अजून निघतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुजबुज नको. यातल्या बहुतेक किश्शांत देवधरबाई आहेत, आणि मी त्यांच्यावर जळते. दुसऱ्या बायका म्हणतात, "छे गं, मला तर त्यांचं कौतुकच वाटतं." मला कौतुक वाटत नाही. मी जळते!

*

मंडळ म्हणजे काय, तर ठाकुर्लीला एका सोसायटीच्या तळमजल्यावर हॉल आहे. तिथे दर बुधवारी चार ते पाच आम्ही बायका जमतो, पेपरातला एक विषय घेतो आणि बोलतो. पाचला योगाचा क्लास असतो, त्यामुळे मिनिटभरही जास्त मिळत नाही. अध्यक्ष देवधरबाई. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. रिटायर झाल्या त्या घंटेसकट. खरीखुरी, पितळेची घंटा. कोणी जास्त बोललं की ठण्ण!

मी शाळेत गेलेच नाही. डोंबिवलीच्या खाडीवरच्या कोळणीची पोर मी, टोपली आधी उचलली, पाटी कधीच नाही. अक्षरं शिकले ती मासळी बांधायच्या रद्दीवर. आधी मोठी, मथळ्याची. मग बारीक. पुढे पुढे पापलेट बांधता बांधता अग्रलेख वाचायला लागले. गिऱ्हाईक ओरडायचं, "मावशी, दे ना लवकर!" मी म्हणायचे, "थांब रे, सरकार पडतंय."

मंडळात आले त्या दिवशी देवधरबाईंनी फॉर्म भरायला दिला. मी भरून परत केला. त्यांनी चष्मा सारखा केला.

"हिराबाई, शिक्षणाची जागा रिकामी राहिली आहे. काय लिहू?"

"चालू आहे, लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं. तेवढंही सुख दिलं नाही बाईने!

*

हॉलमध्ये सतरंजी घालतात. आम्ही सगळ्या खाली, देवधरबाई एकट्या खुर्चीवर. का, तर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी सांगितलंय, जमिनीवर बसायचं नाही, जास्त वेळ उभं राहायचं नाही.

आता गुडघे मलाही आहेत. चाळीस वर्षं दगडी ओट्यावर मांडी घालून बसले मी. पण माझे गुडघे कोणी डॉक्टरला दाखवले नाहीत, म्हणून ते दुखत नाहीत असा मंडळाचा समज.

एकदा मी नुसती त्या खुर्चीकडे बघत होते. शेजारी लता बसलेली. लता दिवा स्टेशनजवळची, जीभ तिखट, मन चांगलं. तिने ओळखलं.

"मावशी, तुला पण आणू का खुर्ची?"

"नको."

"मग काय करू?"

"त्यांची काढ."

*

मग एका बुधवारी तो विषय आला. संसदेतल्या जागा वाढवाव्यात का? पेपरात रोज तेच चाललेलं. दिल्लीत नवीन इमारत बांधली, तिच्यात खुर्च्या जास्त. देशात माणसं वाढली, पण खासदार पन्नास वर्षांपूर्वी होते तेवढेच. एकेका खासदाराच्या वाट्याला लाखो माणसं. मग वाढवा की! नाही नाही, वाढवू नका, आधीच गोंधळ काय कमी आहे?

देवधरबाई म्हणाल्या, "वाढवायलाच हव्यात. प्रतिनिधी जितके जास्त, तितका सामान्य माणसाचा आवाज संसदेत जास्त." आणि हे सगळं एकही कागद हातात न धरता. मी घरून चार पानं लिहून आणलेली. जळले.

लता म्हणाली, "आमच्या दिव्याला तर एक अख्खा खासदार पाहिजे, नुसता पाण्यासाठी! एका दिवशी बिल्डिंगमध्ये पाणी आलं तर लोकांना वाटलं पाइप फुटला."

मी विरोधात. का? देवधरबाई बाजूने होत्या म्हणून. हे आत्ता कबूल करते. तेव्हा मात्र मला चांगली कारणंही सापडलेली, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं कारण मंडळानेच दिलं.

आमच्याकडे नियम असा, की तासाची साठ मिनिटं, आणि हजर असतील तितक्या बायकांत सारखी वाटायची. आधी आम्ही बाराजणी होतो. प्रत्येकीला पाच मिनिटं. माणूस पाच मिनिटांत काहीतरी म्हणू शकतो. पण हा विषय इतका गाजला की पुढच्या बुधवारी कल्याणहून बायका आल्या, कोपरहून आल्या. तीसजणी झालो. प्रत्येकीला दोन मिनिटं!

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "बाई, माणसं पाहिजे तेवढी वाढवा. तास कुठून वाढवून आणणार? बारा होतो तेव्हा बोलत होतो. तीस झालो, तर नुसती हजेरी..."

ठण्ण!

*

मानपाड्याच्या रंगाअम्मा आमच्या मंडळात जुन्या. लग्न करून मदुराईकडून आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. मराठी बोलतात ती आपल्याला लाजवेल अशी, फक्त रागावल्या की क्रियापद पुढे पळतं.

संक्रांतीला देवधरबाईंनी तिळाचे लाडू करून आणले. डबे भरायचे म्हणून एक कागद फिरवला, ज्यावर प्रत्येकीने आपल्या घरची माणसं लिहायची. जेवढी माणसं तेवढे लाडू. लताच्या घरी नऊ माणसं, तिला नऊ. रंगाअम्मांच्या घरी चार. त्यांना चार.

अम्मांनी डबा उघडला, लाडू बघितले आणि डबा पुन्हा ठेवून दिला.

"हेच ते!" म्हणाल्या. "हेच दिल्ली करणार आमच्या तिकडे! सरकार म्हणालं, दोनच मुलं बस्स. आम्ही ऐकलं. दोनावर थांबले मी! आता माणसं मोजून जागा, माणसं मोजून लाडू. म्हणजे ज्याने ऐकलं त्याला कमी?"

लता म्हणाली, "अम्मा, मग काय माझ्या नऊ माणसांनी चार लाडू खायचे? चाटून चाटून?"

दोघींचंही खरं. सगळ्यांनी देवधरबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी वडी करेन. हवी तशी कापता येते."

बायकांनी टाळ्या वाजवल्या! हे काय उत्तर झालं? पण बाई बोलल्या ना, मग वाजवा टाळ्या.

आणि माझं कोणी विचारलं नाही. सून-मुलगा वेगळे राहतात, मी घरात एकटी. मला एक लाडू मिळाला. एका लाडवासाठी अख्खा डबा. घरी जाईपर्यंत तो आत खुळखुळ वाजत होता.

*

मी दोन मिनिटांत काय सांगणार होते ते सांगते, कारण त्यासाठी मला तीन बुधवार लागले.

आमचा जुना मासळीबाजार उघड्यावर होता. एक लांब दगडी ओटा, त्यावर आम्ही कोळणी ओळीने. जागा सासूकडून सुनेला. नवीन कोण आली की जुन्या कटकट करायच्या. माझी सासू म्हणायची, "सरक गो बाय, तिला पण पोट हाय." मग एकेक जण वीतभर सरकायची आणि नवीनची टोपली बसायची. भिंत नाही, रेघ नाही. मग जागा कोणाची हे कळायचं कसं? तर सकाळी आल्याबरोबर ओंजळभर पाणी आपल्या जागेवर मारायचं. जिचं पाणी, तिची जागा. ती चहाला गेली, देवाला गेली, नवऱ्याशी भांडायला गेली, तरी ओल्या जागेवर दुसरी कोणी बसायची नाही. भांडणात एकमेकींच्या झिंज्या उपटल्या आम्ही, पण ओल्या जागेवर कोणी बसली नाही.

मग बाजाराची इमारत झाली. वर पत्रे, खाली टाइल्स, ओटे दुप्पट. नंबर घातलेले. आम्ही खूश. आणि पहिल्या दिवशी बघतो तर ओटे दुप्पट, गिऱ्हाईक तेवढंच! शिवाय लॉटरी काढलेली. सासूची रस्त्यालगतची जागा गेली, मला मिळाला शेवटचा कोपरा, बर्फाच्या पेट्यांमागे. दारात कोण? कमळ! जिला सुरमईचा तुकडा सरळ कापता येत नाही ती कमळ! तिच्यावरही मी जळले. आयुष्यात मी मोजून दोघींवर जळले, एक कमळ आणि एक देवधरबाई. बाकीच्यांची तेवढी लायकी नाही.

हे सगळं मी बोलत होते आणि देवधरबाई घड्याळाकडे बघत होत्या. दुसऱ्या बुधवारी मी नेमकी "ओल्या जागेवर कोणी बसली नाही" इथपर्यंत आले आणि ठण्ण! मी खाली बसले ती फणफणत. लताला म्हटलं, "बाईंनी एक अक्षर ऐकलं नाही माझं. नुसती घंटा मोजतात."

*

तीसजणी झाल्यावर रुसवेफुगवे सुरू झाले. हिला कमिटीत घेतलं, मला का नाही? देवधरबाईंना कोणाला दुखवायचं नसतं. त्यांनी कमिटी वाढवली. एक अध्यक्ष होती, तिला तीन उपाध्यक्ष झाल्या. मग सेक्रेटरी, मग जॉइंट सेक्रेटरी, मग सतरंजीप्रमुख, चहाप्रमुख, व्हॉट्सॲप ग्रुपप्रमुख. लता पाणीप्रमुख झाली. दिव्याची बाई पाणीप्रमुख!

मला विचारलं, "हिराबाई, तुम्हाला कोणतं पद देऊ?" मी म्हटलं, "अध्यक्ष सोडून काही नको." ते रिकामं नव्हतं.

मग वर्षाची मोठी मीटिंग झाली. एकोणतीस पदाधिकारी समोर बसले, मला बघत. कारण सभासद म्हणून उरले मी एकटी! सगळ्या सरकार, मी जनता. देवधरबाईंनी विचारलं, "सभासदांपैकी कोणाला काही प्रश्न?"

एकोणतीस माना माझ्याकडे वळल्या.

मी उठले. "तीन महिने झाले, चहात साखर नाही. जबाबदार कोण?"

चहाप्रमुखाने सेक्रेटरीकडे बघितलं, सेक्रेटरीने जॉइंटकडे, जॉइंटने उपाध्यक्षांकडे, तिन्ही उपाध्यक्षांनी एकमेकींकडे. शेवटी देवधरबाई स्वतः उठल्या, दुखऱ्या गुडघ्याने खालच्या वाण्याकडे गेल्या आणि साखर घेऊन आल्या.

मी तो चहा प्यायले. गोड होता, तरी कडू लागला.

*

बायकांच्या राखीव जागांवरही एक बुधवार झाला. देवधरबाईंनी समजावून सांगितलं, की कायदा झालाय, तिसरा हिस्सा बायकांना. पण आधी जनगणना, मग मतदारसंघांची नवी आखणी, आणि मग जागा.

लता म्हणाली, "म्हणजे पाट मांडला, पान मांडलं, बाईला बसवलं, आणि आता म्हणतात थांबा, भात पेरायला गेलेत!"

हे वाक्य माझं असायला हवं होतं. महिनाभर मला ते लागून राहिलं. लतावर जळले नाही मात्र. ते दोघींपुरतंच ठेवलंय.

*

आणि मग ठाण्याचं पत्र आलं. तिथे एका सभागृहात परिसंवाद ठेवलेला, विषय हाच, 'संसदेतील जागा वाढवाव्यात का?' ठाणे, कल्याण, डोंबिवलीची आठ महिला मंडळं. पत्रात स्पष्ट लिहिलेलं, एका मंडळाला एक खुर्ची, एक वक्ता.

मला ती खुर्ची हवी होती. लपवत नाही. आयुष्यभर खाली बसून वर बघत बोलले मी. गिऱ्हाईक उभं, मी खाली. देवधरबाई खुर्चीवर, मी खाली. एकदा, फक्त एकदा, मला स्टेजवर बसून खाली बघत बोलायचं होतं. महिनाभर वाचलं. वाचनालयातल्या माणसाने तर पेपर माझ्या हातात द्यायचंच सोडलं, थेट माझ्या टेबलावर आणून टाकायचा.

मंडळाने मतदान ठेवलं. चिठ्ठ्या लिहिल्या तर अक्षरावरून कळतं, म्हणून आम्ही कडधान्यं वापरतो. झाकणाला भोक पाडलेला डबा, प्रत्येकीने मुठीतून एक दाणा टाकायचा. मूग म्हणजे मी, चवळी म्हणजे देवधरबाई.

डबा उघडला. चवळी, चवळी, चवळी. मूग एखाददुसरा, पोह्यात शेंगदाणा सापडावा तसा.

बाहेर पडताना लताला धरलं. "तू काय टाकलंस?"

ती खोटं बोलत नाही, हा तिचा दोष आहे. "चवळी. मावशी, तू भांडतेस. बाई बोलतात."

वर्ष झालं, मी घरी चवळी आणलेली नाही.

*

परिसंवाद दुपारी चारला. मी दोनलाच ठाण्याला पोचलेले. मंडळाच्या बायका यायच्या होत्या. मी श्रोता होते, पास मिळालेला. सभागृह उघडं, आत कोणी नाही. स्टेजवर आठ खुर्च्या, लाल गाद्यांच्या. प्रत्येकीसमोर मंडळाच्या नावाची पाटी.

मी वर गेले. नुसतं बघायला. आमची पाटी तिसरी. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग पिशवीतून बाटली काढली, दोन घोट प्यायले. आणि पुढे काय झालं ते माझ्या हाताला विचारा. बाटली तिरकी झाली, ओंजळ भरली आणि मी खुर्चीवर पाणी मारलं.

चाळीस वर्षं रोज सकाळी जे केलं ते हाताने केलं. डोक्याला कळलं तेव्हा लाल गादी काळपट झालेली. पदराने टिपायला गेले तर जास्तच पसरलं. तेवढ्यात कोणीतरी लाइटचं बटण चाचपत आत आलं. मी खाली उतरले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले, जशी काही मी ठाण्याचीच.

चार वाजले. हॉल भरला. माझ्या एका बाजूला लता, दुसऱ्या बाजूला रंगाअम्मा. देवधरबाई स्टेजवर चढल्या, एकेका पायरीवर थांबत. मोतिया रंगाची इस्त्रीची साडी. मला वाटलं आता बसतील, साडी भिजेल, आणि सगळ्या हॉलदेखत उठावं लागेल. खरं सांगू? एक क्षण मला आनंद झाला. एकच क्षण. मग घाम फुटला.

देवधरबाईंनी बसताना हात मागे नेला, गादीला लावला आणि थांबल्या. हात बघितला. खुर्ची बघितली. मग पहिल्या रांगेत माझ्याकडे बघितलं. माझ्या मांडीवर बाटली होती, अर्धी.

त्या बसल्या नाहीत. खुर्चीच्या बाजूला सरकून उभ्या राहिल्या.

निवेदन करणारा माणूस धावत आला. "बाई, बसा ना."

"ही जागा घेतलेली आहे."

"नाही नाही, ही तुमच्याच मंडळाची."

"हो. पण आमच्या हिराबाईंनी पाणी मारलंय."

माईक चालू होता. सगळ्या हॉलने ऐकलं, आमच्या बायका सोडून कोणालाही कळलं नाही. रंगाअम्मांनी माझ्याकडे बघितलं. लताने माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि मला कोपराने ढोसलं. "मावशी, ऊठ. वर जा."

मी गेले. बसले. ओलं लुगड्याला लागलं. मला काय त्याचं, मी जन्मभर ओल्यावरच बसले. समोर चारशे-पाचशे माणसं, सगळी खाली. बाजूला देवधरबाई उभ्या, एका पायावर भार देऊन, दुसरा गुडघा थरथरत होता. मी खाली बघितलं की आधी तो गुडघाच दिसत होता.

तो निवेदक पार गोंधळलेला. त्याने पत्र काढून बघितलं, माझ्याकडे बघितलं, माईक माझ्यासमोर धरला. "बोला आजी, वेळ कमी आहे. संसदेत जागा वाढवाव्यात की नाही? आपली बाजू कोणती?"

मी म्हटलं, "आधी इथे एक खुर्ची वाढव. मग मी विरोधात बोलते."